रहस्य, भय, विज्ञानकथा लिहिताय? कोकणात राहून मदत कुठे, कोणाकडे आणि कोणत्या क्रमाने मागायची

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही काही जण कथा वाचायला बसतो. रहस्यकथा, भयकथा, गूढकथा, विज्ञानकथा, क्वचित एखादी अद्भुतकथा. नवीन येणाऱ्याचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : "कथा पाठवू कुठे?" त्यापाठोपाठ दुसरा : "एखाद्या ग्रुपमध्ये घ्याल का?" कथा दाखवा म्हटलं की ती अर्धीच असते, नाहीतर पूर्ण असूनही लेखकाशिवाय दुसऱ्या कोणी वाचलेली नसते. मग ती घाईघाईने संपादकाकडे जाते, उत्तर येत नाही, आणि "गावात राहून काही होत नाही, मुंबई-पुण्यात ओळखी लागतात" असं मनाशी पक्कं होतं.

मला हे फार लागतं, कारण त्यातल्या कित्येक कथांमध्ये खरंच दम असतो. मदत रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत हाताशी आहे. ती उलट्या क्रमाने मागितली जाते, एवढंच. म्हणून या लेखात मी क्रमावरच भर दिला आहे. टप्पे गाळू नका, पुढचा आधी करू नका.

सुरुवातीची तयारी

तीन गोष्टी लागतील. एक जाड वही. फोनवर किंवा संगणकावर युनिकोडमध्ये मराठी टाइप करण्याची सोय. आणि जवळच्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व. वाचनालय शासनमान्य 'ड' वर्गाचं, दोन कपाटांचं असलं तरी चालेल. ग्रंथपालाशी ओळख होणं महत्त्वाचं.

चौथी गोष्ट कोकणासाठी खास : लिहिलेल्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. आपल्याकडे पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, वीज जाते, फोन पाण्यात पडतो. २२ जुलै २०२१ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा लोकांना कपाटं रिकामी करायलाही वेळ मिळाला नाही. कथा टाइप झाली की स्वतःलाच ईमेल करा. दोन मिनिटांचं काम आहे.

१. आधी प्रकार ठरवा

हा टप्पा छोटा आहे, पण पुढे कोणाकडे जायचं ते यावरच ठरतं. रहस्यकथेत शेवटी उलगडा हवाच, आणि तो वाचकाला मिळालेल्या दुव्यांतूनच व्हायला हवा. भयकथेत उलगडा नसला तरी चालतो, भीती मात्र चढत जायला हवी. गूढकथेत घटनेचे दोन अर्थ शेवटपर्यंत जिवंत राहतात. विज्ञानकथेत एक वैज्ञानिक कल्पना असते, आणि ती काढली तर कथा उभीच राहत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा : "ही कथा वाचून झाल्यावर वाचकाला … वाटलं पाहिजे." रिकामी जागा भरता आली नाही तर अजून थांबा.

नेहमीची चूक : खून आहे, भूतही आहे, आणि शेवटी कळतं की सगळं प्रयोगशाळेतून सुटलेल्या वायूमुळे झालं. तिन्ही प्रकारांचे वाचक नाराज.

२. पहिला खर्डा एकट्याने पूर्ण करा

या टप्प्यावर कोणालाही काही दाखवू नका. कल्पना बोलून दाखवली की "वा, मस्त" अशी दाद मिळते आणि लिहिण्याची भूक तिथेच भागते. तीन ते चार हजार शब्दांची एक कथा शेवटच्या ओळीपर्यंत लिहून काढा. माहिती अडली तर त्या जागी चौकटीत प्रश्न लिहा आणि पुढे चला. उदाहरणार्थ : [पंचनामा कोण करतं?] [त्या रात्री चंद्र किती वाजता उगवेल?]

पुढच्या टप्प्याची यादी या चौकटींतूनच तयार होते. चौकटी नसतील तर संदर्भ शोधता शोधता तुम्ही चार महिने घालवाल आणि कथा राहून जाईल. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

तपासा : कथेला शेवट आहे? कमीत कमी पाच चौकटी आहेत? एकही चौकट नसेल तर सगळं खात्रीचं आहे असं समजू नका. पुन्हा वाचा.

३. संदर्भ गोळा करा

इथे वेळ द्या. कोकणात बसून लिहिणाऱ्याची खरी पुंजी इथेच आहे, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात.

वाचनालयं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२चं. अशा जुन्या वाचनालयांत जाताना "भुतांची पुस्तकं आहेत का?" असं विचारू नका. आपली चौकट घेऊन जा आणि नेमकं विचारा : "१९६०च्या आसपास इथून मुंबईला बोटीने कसं जायचे, कुठे वाचायला मिळेल?" नेमका प्रश्न आला की ग्रंथपाल स्वतः उठून कपाट उघडतात. दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे कुठे ठेवलेत तेही विचारून घ्या. पुढे सातव्या टप्प्यात लागतील.

लोककथा आणि जुने दस्तऐवज. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा (ब्रिटिश काळातल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा) रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८०चा आहे, कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३चा. बंदरं, बाजार, जाती, देवळं, रोगराई, पिकं, सगळं आहे. जॅक्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने जमवलेल्या सामग्रीवरून एंथोवेन या दुसऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेला कोकणच्या लोकसमजुतींचा खंड १९१५चा. गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेली उत्तरं त्यात आहेत. देवचार, मुंजा, समंध, गिऱ्हा, हडळ, खवीस यांच्यातले फरक तिथे सापडतात. दोन्ही इंग्रजीत आहेत आणि इंटरनेटवर फुकट वाचता येतात. इंग्रजी जड जात असेल तर कॉलेजात शिकणाऱ्या भाचीला शेजारी बसवा आणि हवी तेवढी दोन पानं समजून घ्या.

हे फरक जपा. गिऱ्हा पाण्यातला. मुंजा पिंपळावरचा, मुंज झालेल्या पण सोडमुंज न झालेल्या मुलाचा. देवचार तर बऱ्याच गावांत राखणदार मानतात, त्याला रोट-नारळ देतात. त्याला रक्तपिपासू करून टाकलात तर सिंधुदुर्गातला वाचक पहिल्या पानावरच अंक मिटेल.

सावध : गावपळणीबद्दल लिहिताना विशेष. आचरा, चिंदर, वायंगणी या गावांतली माणसं काही वर्षांनी एकदा, काही दिवसांसाठी, अख्खं गाव रिकामं करून गुराढोरांसह वेशीबाहेर राहायला जातात, ती गावपळण. बाहेरचा लेखक तिथे फक्त भीती बघतो. गावकऱ्यांना विचारलंत तर रानातल्या राहुट्या, एकत्र जेवणं, रात्रीची भजनं हेच आधी सांगतील. दोन्ही बाजू कळल्याशिवाय त्यावर कथा उभारू नका.

पोलीस आणि कायदा. रहस्यकथेतली सगळ्यांत ढोबळ चूक सध्या ही : २०२५मध्ये घडणाऱ्या कथेत इन्स्पेक्टर "तीनशे दोन लावतो" म्हणतो. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खुनाच्या शिक्षेचं कलम १०३ झालं आहे. गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं ३०२ बरोबर. म्हणजे कथेतली तारीख आधी पक्की करा, मग कलम लिहा. तसंच संशयास्पद मृत्यूच्या चौकशीचं. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४.

क्रमही पाहा. खाडीकाठी मृतदेह सापडला की गावातून खबर बहुतेक वेळा पोलीस पाटील देतो. पोलीस येतात, आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचांसमक्ष पंचनामा होतो, मृतदेह शवविच्छेदनाला जातो. घातपात दिसला तर गुन्हा दाखल होतो. व्हिसेरा (मृतदेहातल्या अवयवांचे नमुने) प्रयोगशाळेत पाठवला तर अहवाल त्याच संध्याकाळी हातात पडत नाही. आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या रहस्यकथेत तो त्याच संध्याकाळी पडलेला असतो. खरं तर या उशिराचा कथेला उपयोगच आहे. तेवढ्या दिवसांत संशयित काय काय करतो, ते लिहा.

प्रथम खबरीची भाषा कशी असते ते पाहायचं असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेल्या एफआयआर वाचता येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निर्देशांनुसार संवेदनशील प्रकरणं वगळून त्या तिथे ठेवाव्या लागतात. भाषा शिका, पण नावं, गावं आणि घटना उचलू नका. त्या कागदामागे एखाद्याच्या घरचं दुःख आहे.

कथेत भगत किंवा मांत्रिक माणसाला मारझोड करत असेल, तर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे हे तुमच्या कथेतल्या पोलिसाला माहीत असायला हवं.

समुद्र आणि चंद्र. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण कोकणातल्या भयकथांचा निम्मा डोलारा पौर्णिमेच्या मध्यरात्रीच्या किनाऱ्यावर उभा असतो आणि तिथेच कोसळतो.

आपल्या किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. दिवसाही आणि रात्रीही. म्हणजे पौर्णिमेच्या मध्यरात्री समुद्र भरलेला असतो, तोही उधाणाचा. पुळण जवळजवळ पाण्याखाली. तुमची नायिका त्या वेळी ओल्या वाळूवर उलट्या पावलांचे ठसे बघत दूरवर चालत जाऊ शकत नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण पौर्णिमेच्या रात्री बारा वाजता पाण्यातूनच जावं लागेल.

मध्यरात्री ओहोटी हवी असेल तर अष्टमी घ्या. कृष्ण अष्टमीला चंद्रही मध्यरात्रीच्या सुमाराला उगवतो, वातावरण आयतं मिळतं. फक्त ती भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट, कमी जोराची ओहोटी, पाणी फार मागे हटत नाही. समुद्र खूप आत गेलेला, खडक उघडे पडलेले दाखवायचे असतील तर पौर्णिमा-अमावास्येची पहाट, साधारण पाच-साडेपाच. अमावास्येच्या पहाटेच्या त्या अंधारात मध्यरात्रीपेक्षा जास्त भीती आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. आडाखा ढोबळ आहे. कथा मिनिटांवर चालणारी असेल तर छापील भरती-ओहोटीचं कोष्टक किंवा बंदरावरचा जाणता माणूस गाठा.

आणखी एक. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. जुलैत ट्रॉलर समुद्रात असेल तर तोच गुन्हा झाला, आणि तुमच्या तपास अधिकाऱ्याच्या ते लक्षात यायलाच हवं. रेल्वेचं रहस्य लिहीत असाल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. खुन्याची सगळी योजना गाडीच्या वेळेवर असेल तर महिना कोणता ते आधी पाहा.

विज्ञान. अलिबागला १९०४पासून भूचुंबकीय वेधशाळा आहे. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालय आणि सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) कातळशिल्पं आहेत, २०२२मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. एवढं सगळं दाराशी असताना आमच्याकडे येणाऱ्या विज्ञानकथा न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत का घडतात, हे मला कळत नाही. पायाभूत माहितीसाठी मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे. नोंदी जुन्या असू शकतात, म्हणून कोणत्या वर्षीची माहिती आहे ते बघत चला.

बोली. दापोलीच्या पात्राच्या तोंडी मालवणी घालू नका. सिंधुदुर्गात मालवणी, संगमेश्वरच्या बाजूला संगमेश्वरी, रायगडात आगरी, आणि कोळीवाड्यांतली बोली पुन्हा वेगळी. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात कित्येक शब्दांपुढे प्रदेशाची खूण आहे, 'को.' म्हणजे कोकणातला, 'राजा.' म्हणजे राजापुरी. 'बृहद्‌कोश' या संकेतस्थळावर असे अनेक जुने कोश एकत्र शोधता येतात. तरी शेवटची खात्री ती बोली घरात बोलणाऱ्या माणसाकडूनच करा.

तपासा : प्रत्येक चौकटीपुढे उत्तर आहे? उत्तर कुठे मिळालं तेही लिहिलंय? "कुठेतरी वाचलं होतं" असं असेल तर चौकट उघडीच ठेवा.

४. जाणकारांकडे जा, पण वही घेऊन

पुस्तकांतून न सुटलेल्या चौकटी घेऊन आता माणसांकडे जायचं. निवृत्त हवालदार, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, तांडेल (मासेमारी बोटीचा प्रमुख), वायरमन, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, देवस्थानचे मानकरी. आधी फोन करून वेळ मागा. दहापेक्षा जास्त प्रश्न नेऊ नका. "खून कसा करायचा?" असं विचारू नका. "काका, अशी घटना घडली तर तुमच्या काळी सकाळी आठ ते संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय केलं असतं?" असं विचारा. माणूस दिवसाचा क्रम सांगायला लागला की तुम्हाला न सुचलेल्या गोष्टी आपोआप येतात. एका निवृत्त हवालदारांनी मला सहज सांगितलं की पावसात पंचनामा लिहिताना कागदावर छत्री धरायला एक माणूस वेगळा लागायचा. माझ्या कथेतला तो सगळा प्रसंग मी त्या छत्रीवाल्याच्या नजरेतून पुन्हा लिहिला.

आजी-आजोबांकडून भुताखेतांच्या गोष्टी ऐकायच्या तर गणपती आणि शिमगा हे दिवस सर्वांत बरे. घर भरलेलं असतं, एकाची गोष्ट दुसरा दुरुस्त करतो, आणि त्या दुरुस्तीतच खरा ऐवज असतो. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

सावध : "अमुक घराण्याला शाप आहे", "तमक्याची सून विहिरीत गेली" अशा गोष्टी जशाच्या तशा लिहू नका. गाव बदला, आडनाव बदला, नातं बदला. गाव लहान असतं, लोक वर्षानुवर्षं तिथेच राहतात. नाव बदलूनही माणूस ओळखू येत असेल तर ती घटनाच सोडून द्या.

५. आता माणसं जमवा : वाचनगट

कोकण मराठी साहित्य परिषद, आपली कोमसाप, १९९१मध्ये मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तालुक्या-तालुक्यांत शाखा आहेत, मालगुंडचं केशवसुत स्मारक त्यांचंच. जवळच्या शाखेत जा आणि सभासद व्हा. कार्यक्रमांत कविता जास्त असतात, रहस्यकथेला कोणी विचारेल का, अशी शंका अनेकांना येते. माझा अनुभव असा की दहा मिनिटांत बसेल एवढा उतारा मोठ्याने वाचला की लोक पुढे काय झालं ते विचारत मागे येतात. तुमच्या गटाचे पहिले दोन-तीन सभासद त्यांतच भेटतील.

गट पाच ते सात जणांचा असावा. त्याहून मोठा झाला की चर्चेची सभा होते. त्यात सगळेच लेखक नकोत. कमीत कमी दोघं नुसते वाचणारे असूदेत, ज्यांना रहस्यकथा आवडतात आणि जे तुमचे नातेवाईक नाहीत. वाचनालयाच्या ग्रंथपालाला विचारा, असे वाचक त्यांना नावानिशी माहीत असतात.

दिवस ठरवताना गावचं वेळापत्रक पाहा. मे महिन्यात आंबा आणि पाहुणे, जुलैत भातलावणी, भाद्रपदात गणपती. या दिवसांत बैठक ठेवली की दोघंच येतात आणि गट मोडतो. आम्ही ऑगस्टचा पंधरवडा आणि दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचे महिने धरतो. मुंबईहून येणारे चाकरमानी लेखक असतील तर त्यांच्यासाठी अपवाद म्हणून एक बैठक घरच्या गणपतीच्या विसर्जनानंतरच्या रविवारी.

बैठकीची पद्धत प्रकारानुसार बदलते. नवे गट इथे सगळ्या कथांना एकाच मापाने मोजतात.

रहस्यकथेसाठी चिठ्ठीची पद्धत वापरा. कथेचा पहिला दोन तृतीयांश भाग आठ दिवस आधी वाटा, शेवट देऊ नका. बैठकीत प्रत्येकाने गुन्हेगार कोण आणि कशावरून, हे चिठ्ठीवर लिहून घडी घालायची. मग शेवट वाचायचा आणि चिठ्ठ्या उघडायच्या. सहापैकी सहा जणांनी ओळखलं तर दुवे फार ठळक आहेत. एकानेही ओळखलं नाही आणि शेवट ऐकून "हे कुठे सांगितलं होतं?" असा प्रश्न आला, तर दुवा कथेत उतरलेलाच नाही, तो तुमच्या डोक्यात राहिलाय. एक-दोघांनी ओळखावं आणि बाकीच्यांनी "अरे, हे तर समोरच होतं" म्हणावं, इथे कथा जमली.

भयकथा लेखकाने स्वतः वाचू नये, दुसऱ्याने मोठ्याने वाचावी. ऐकणाऱ्यांनी हातातल्या प्रतीवर दोनच खुणा करायच्या : इथे धास्ती वाटली, इथे लक्ष उडालं. 'अचानक', 'काळजाचा ठोका चुकला', 'अंगावर सर्रकन काटा आला' अशा जागी जवळजवळ नेहमी दुसरी खूण पडते.

विज्ञानकथेसाठी गटात एक विज्ञानशिक्षक हवा आणि एक विज्ञानाशी संबंध नसलेला माणूस. पहिल्याने चूक सांगायची, दुसऱ्याने कुठे कळलं नाही ते. दोघांनी एकमेकांचं काम करायचं नाही.

नियम एकच, पण कडक : चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसायचं, वहीत लिहायचं. "माझा उद्देश असा होता की…" हे वाक्य आलं की चर्चा संपते. अंकात छापलेल्या कथेशेजारी तुम्ही उभे नसणार.

इंटरनेटवरच्या समूहांचा उपयोगही याच टप्प्यावर. मायबोली, मिसळपाव या संकेतस्थळांवर कथा लिहिणारी आणि अगत्याने वाचणारी मराठी माणसं जगभरातून आहेत, प्रतिलिपीवर क्रमशः कथांना वाचक मिळतात. मात्र हे ध्यानात ठेवा : तिथे टाकलेली कथा प्रकाशित झालेली धरली जाते. जी कथा दिवाळी अंकाला किंवा स्पर्धेला पाठवायची आहे, ती तिथे टाकू नका. सरावासाठी दुसरी लिहा.

६. दुरुस्ती

बैठकीनंतर आठ दिवस कथेला हात लावू नका. मग वही उघडा. दोन किंवा अधिक जणांनी दाखवलेली जागा दुरुस्त कराच, उपाय मात्र त्यांनी सुचवलेला नको, तुमचा हवा. एकानेच दाखवलेली जागा तुम्हाला पटली तर बदला. मग शुद्धलेखन. अरुण फडके यांची 'शुद्धलेखन ठेवा खिशात' ही छोटी पुस्तिका जवळ ठेवली की रोजच्या बहुतेक अडचणी सुटतात. फोनला बोलून टाइप केलं असेल तर ऱ्हस्व-दीर्घाबरोबर विरामचिन्हंही तपासा, ती बहुधा नसतातच.

७. पाठवणं

दिवाळी अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिसतो, म्हणून लोक सप्टेंबरात कथा पाठवतात. तोवर अंक छपाईला लागलेला असतो. जुळवाजुळव उन्हाळ्यापासूनच चालू होते. मेअखेर कथा संपादकाच्या हातात असावी असं धरून चला आणि त्या वर्षीचं आवाहन पाहून नेमकी तारीख खात्री करा.

कुठे पाठवायची ते वाचनालयातल्या जुन्या गठ्ठ्यांवरून ठरवा. 'धनंजय', 'नवल' यांसारखे अंक रहस्य, गूढ, विज्ञान, अद्भुत कथांसाठीच वाचक घेतात. मागच्या तीन वर्षांचे अंक काढा. कथांची लांबी मोजा, किती नवीन नावं आहेत पाहा. ज्या अंकात तुमच्या प्रकारची एकही कथा नाही, तिथे पाठवून टपालखर्च वाया घालवू नका.

विज्ञानकथा असेल तर मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानरंजन कथा स्पर्धा पाहा. १९७४मध्ये जयंत नारळीकरांनी तिथे 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती, आणि पहिलं बक्षीस मिळवलं. नावाशिवाय कथा वाचली जाते ती अशी. ओळख लागते म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

पाठवताना : युनिकोडमधली वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ. प्रत्येक पानावर क्रमांक. पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन, शब्दसंख्या. स्पर्धेत नाव कुठे लिहायचं याचे नियम वेगळे असतात, ते दोनदा वाचा. कथेवरच नाव लिहिल्यामुळे बाद झालेल्या प्रवेशिका मी पाहिल्या आहेत. सोबतचं पत्र चार ओळींचं, कथेचा सारांश त्यात नको.

सावध : एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही संपादक तुमचं नाव लक्षात ठेवतील, आणि ते चांगल्या कारणासाठी नसेल.

८. पैसे आणि हक्क

कथा छापायला किंवा 'परीक्षणा'ला तुमच्याकडेच पैसे मागितले तर थांबा. पहिलं पुस्तक काढायचं असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची जाहिरात आणि अटी मंडळाच्या संकेतस्थळावर येतात. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) भारतात मोफत मिळतो. त्याचे पैसे लावणाऱ्याला ते कशाचे, हे विचारा.

लेखकाचा हक्क लिहिल्याबरोबर निर्माण होतो, नोंदणीची सक्ती नाही. लेखकाच्या हयातीनंतर तो ६० वर्षं टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच होतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायद्याप्रमाणे ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून "सर्व हक्क कायमस्वरूपी" असं दिसलं की सही करण्याआधी विचारा : छापील, ई-पुस्तक, श्राव्य, वेबमालिका, यांतलं नेमकं काय? रहस्य आणि भयकथांना श्राव्य माध्यमात चांगली मागणी आहे. तो हक्क नकळत देऊन टाकू नका. दिवाळी अंकाला एकदा छापण्याची परवानगी पुरे.

९. पाठवल्यानंतर

वहीच्या मागच्या बाजूला पाच रकाने आखा : कथा, कुठे पाठवली, तारीख, उत्तर, पुढे कुठे. तीन महिने वाट पाहा, मग एकदाच नम्रपणे विचारा. संपादकाला रोज व्हॉट्सॲपवर सुप्रभात पाठवू नका. कथा परत आली तर सोबत काही ओळ लिहिली आहे का ते आधी बघा. "शेवट घाईचा" एवढं जरी लिहिलेलं असलं तरी ते दुरुस्त करून पुढच्या रकान्यातल्या अंकाकडे पाठवा. काहीच लिहिलं नसेल तर न बदलता पाठवा. तीन ठिकाणांहून परत आली तर ती पुन्हा गटापुढे ठेवा, यावेळी गटात नव्याने आलेल्या वाचकाला आधी वाचायला द्या.

आणि वाट पाहण्याच्या त्या तीन महिन्यांत पुढची कथा दुसऱ्या टप्प्यावर आणून ठेवा, चौकटींसह.